अँडीजमधले ७२ दिवस आणि एक चुकलेलं ठिकाण

सह्यवाट:

१९७२ च्या अँडीज विमान अपघाताचा विषय निघाला की गाडी लगेच 'त्यांनी माणसं खाल्ली' या वाक्यावर येऊन थांबते. ओटीटीवर चित्रपट आल्यापासून तर जास्तच. ते वाक्य मला टाळायचं नाही, खाली त्यावर बोलूच. पण या घटनेबद्दल मिळेल ते वाचत गेलो तसं मला दुसरंच काहीतरी जास्त अस्वस्थ करत गेलं. 'कुरिको (चिलेतलं एक शहर) मागे पडलं' हे एक चुकीचं विधान. त्याने विमान पाडलं, आणि नंतरही ते त्या माणसांना शेवटपर्यंत चिकटून राहिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: उरुग्वेतल्या मोंतेविदेओच्या 'ओल्ड ख्रिश्चन्स' या रग्बी क्लबला चिलेमध्ये सांतियागोला सामना खेळायला जायचं होतं. त्यांनी उरुग्वेच्या हवाई दलाचं फेअरचाइल्ड विमान भाड्याने घेतलं. उरलेल्या जागा मित्रांनी, नातेवाइकांनी भरल्या. पाच कर्मचारी धरून ४५ माणसं. १२ ऑक्टोबरला निघाले, हवा बिघडली म्हणून अर्जेंटिनात मेंदोसाला मुक्काम पडला, आणि १३ ला दुपारी पुन्हा उड्डाण.

मेंदोसाहून सांतियागो सरळ पश्चिमेला आहे, पण मधली रांग या विमानाला झेपणारी नव्हती. म्हणून वळसा घ्यायचा: आधी दक्षिणेला मालार्ग्वे, तिथून पश्चिमेला प्लांचोन खिंडीवरून पर्वत ओलांडायचा, पलीकडे चिलेतलं कुरिको आलं की उत्तरेला वळून सांतियागोकडे उतरायला लागायचं. त्या दिवशी खाली सगळे ढग. खिंडीपासून कुरिकोपर्यंत ११ मिनिटं लागायला हवी होती. खिंडीवर असल्याचं कळवल्यानंतर तीनच मिनिटांनी सहवैमानिक लागुरारा याने कुरिको आल्याचं सांतियागोला कळवलं. विमान तोच चालवत होता. तो उत्तरेला वळला, नियंत्रकाने खाली यायची परवानगी दिली, आणि विमान पर्वतरांगेच्या ऐन मध्यावर ढगात उतरलं.

कड्याला धडकून दोन्ही पंख आणि शेपूट तुटलं. उरलेला सांगाडा बर्फाच्या उतारावरून घसरत एका हिमनदीवर थांबला. उंची सुमारे ३५७० मीटर. ठिकाण अर्जेंटिनात.

लागुरारा कॉकपिटमध्ये अडकून मरणाच्या दारात होता, तेव्हाही तो हेच सांगत होता की आपण कुरिको ओलांडलंय. उंचीमापकाचा काटा ७००० फुटांपाशी अडकला होता, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा कितीतरी खाली. वाचलेल्यांनी या दोन गोष्टी जोडल्या आणि मनात नकाशा तयार झाला: आपण चिलेच्या बाजूला आहोत, पर्वत जवळजवळ संपलाय, पश्चिमेचा हा एक डोंगर चढलो की पलीकडे हिरवी कुरणं. विशी-बाविशीतली मुलं. त्यांनी मरणाऱ्या वैमानिकावर विश्वास ठेवला, आणि का ठेवू नये?

आकाशातून शोध झाला, पण पांढरं विमान पांढऱ्या बर्फात कुणालाच दिसलं नाही. टपावर लिपस्टिकने 'एसओएस' लिहायला घेतलं, लिपस्टिक पुरली नाही. बॅगा मांडून क्रूस केला, तोही वाया गेला. आठ दिवसांनी शोध थांबला. हे त्यांना कळलं ते अकराव्या दिवशी, छोट्या ट्रान्झिस्टरवर.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सभोवार बर्फच बर्फ आणि प्यायला पाणी नाही. फितो स्ट्राउचने सीटच्या पाठीतला पत्रा काढला, त्याला पन्हळीसारखा बाक दिला, वर बर्फाचा पातळ थर पसरला आणि उन्हात तिरका ठेवला. थेंब थेंब बाटलीत. ऊन असेतो कुणी ना कुणी त्या पत्र्यापाशी बसलेलं असायचं. कॉकपिटमधल्या ऊन अडवणाऱ्या हिरव्या प्लास्टिकच्या झडपांचे गॉगल झाले, नाहीतर बर्फाच्या चकाकीने डोळे गेले असते. सीटच्या गाद्या पायाखाली बांधल्या की मऊ बर्फात पाय रुतत नसत. सीटच्या खोळींची पांघरुणं झाली. अवजार असं कुणाच्या हातात काही नव्हतं.

२९ ऑक्टोबरला रात्री हिमस्खलन झालं आणि सांगाडा आतपर्यंत बर्फाने भरला. आठ जण गुदमरून गेले. त्यांत संघनायक मार्सेलो पेरेझ होता, ज्याने पहिल्या दिवसापासून सगळ्यांना धरून ठेवलं होतं, आणि लिलियाना मेथोल होती, वाचलेल्यांतली शेवटची स्त्री. बाकीचे तीन दिवस मेलेल्यांच्या शेजारी, बर्फाखाली. कार्लितोस पाएझचा १९ वा वाढदिवस त्याच तीन दिवसांत आला.

११ डिसेंबरला नुमा तुर्कात्ती गेला. दुसऱ्याच दिवशी नांदो पारादो, रोबेर्तो कानेसा आणि अंतोनिओ विझिंतीन पश्चिमेचा डोंगर चढायला निघाले. रात्री उघड्यावर काढायच्या म्हणजे गोठून मरण. म्हणून आधी तुटलेल्या शेपटीतलं उष्णतारोधक कापड आणून, तांब्याच्या तारेने शिवून, तिघांची एक झोपायची पिशवी तयार केली होती. दोरी नाही, क्रॅम्पॉन (बर्फात पकड घेणारे बुटाचे काटे) नाहीत, पायात रग्बीचे बूट. माथा गाठायला तीन दिवस लागले. साडेचार हजार मीटरच्या वरून पलीकडे पाहिलं तर हिरवं काहीच नाही. नजर पोचेल तिथवर बर्फाची शिखरं.

त्या क्षणी 'कुरिको मागे पडलं' खोटं असल्याचं त्यांना कळलं. विझिंतीनने आपला शिधा दोघांना दिला आणि तो परत फिरला. बाकी दोघे पुढे गेले.

खाली उतरत, ओढ्याच्या कडेने चालत, २० डिसेंबरला नदीपलीकडे त्यांना गुरं राखणारा सेर्हिओ कातालान दिसला. पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू जाईना. त्याने 'उद्या' असं ओरडून सांगितलं, आणि तो खरंच आला. दगडाला कागद-पेन्सिल बांधून फेकली. पारादोने लिहिलं: डोंगरात पडलेल्या विमानातून आलोय, उरुग्वेचा आहे, दहा दिवस चालतोय, वर १४ जण आहेत, खायला काही नाही, आम्हाला न्यायला कधी येणार? चिठ्ठीतला शेवटचा प्रश्न होता: आम्ही कुठे आहोत?

कातालानने पाव फेकला आणि घोड्यावरून तासन् तास दौड करून पुएंते नेग्रोची पोलीस चौकी गाठली. हेलिकॉप्टर आली तेव्हा पारादोने नकाशावर आपली वाट दाखवली. वैमानिकांना आधी पटेना, कारण त्याचं बोट सरहद्द ओलांडून अर्जेंटिनात गेलं होतं. शेवटी तोच वाट दाखवायला हेलिकॉप्टरमध्ये बसला. २२ डिसेंबरला सहा जण, २३ ला उरलेले आठ. ४५ पैकी १६ जण परत आले.

तुम्हाला यातलं काय भिडलं ते लिहा. आणि गेलेल्या २९ जणांबद्दल आदराने लिहूया, एवढीच विनंती.

निळी_शाई:

एका बैठकीत वाचून काढलं. एक भाबडी शंका. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे दक्षिण गोलार्धात उन्हाळ्याकडे जाणारे महिने ना? मग एवढा बर्फ कसा?

सह्यवाट:

ऑक्टोबरचा मध्य म्हणजे तिकडचा वसंत. पण त्या उंचीवर हिवाळ्यात साठलेला बर्फ तेव्हा वितळायला जेमतेम सुरुवात होते, शिवाय त्या वर्षी बर्फ भरपूर पडला होता. रात्री तापमान उणे ३० पर्यंत जायचं. त्यांनी डिसेंबरच्या मध्यापर्यंत थांबून चढाई केली यात ऋतूचा हिशोब होता. थांबण्याची किंमत मात्र माणसांनी मोजली.

डॉ_रानजाई:

पाण्याबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. लोकांना वाटतं, बर्फ आहे तर खायचा. अंगाच्या उष्णतेने बर्फ वितळवून एक लिटर पाणी शरीराच्या तापमानाला आणायला शंभराहून जास्त किलोकॅलरी जातात. उपाशी माणसाकडे त्या कुठून येणार? शिवाय तोंड आणि ओठ सोलून निघतात. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. माणूस भराभर श्वास घेतो, हवा कोरडी असते, आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर पाणी बाहेर जातं. त्यात आहार निव्वळ मांसाचा. प्रथिनांतून तयार होणारा युरिया बाहेर टाकायला मूत्रपिंडाला आणखी पाणी लागतं. म्हणजे तो पत्रा नसता तर खाण्याचा प्रश्न येण्याआधीच बरेच जण गेले असते.

माझ्या पेशामुळे असेल, पण मला सगळ्यात जास्त आठवतात ते कानेसा आणि गुस्तावो झेर्बिनो. विमानात एक डॉक्टर होते, ते अपघातातच गेले. हे दोघे १९ वर्षांचे, वैद्यकीय शिक्षणाच्या अगदी सुरुवातीला असलेले विद्यार्थी. मोडलेली हाडं, फाटलेल्या जखमा, आणि हाताशी औषध म्हणावं असं काही नाही. कानेसाने सीटचे पट्टे आणि दांडे बांधून जखमींसाठी झोळ्या केल्या, म्हणजे रात्री कुणाची लाथ मोडक्या पायाला लागू नये. पुढे तो लहान मुलांच्या हृदयाचा डॉक्टर झाला.

पारादोबद्दल एक. कवटीला मार लागून तो तीन दिवस बेशुद्ध होता. जगणार नाही असं वाटून त्याला थंड बाजूला ठेवलं होतं. त्या थंडीमुळेच मेंदूची सूज आटोक्यात राहिली असावी असं मानतात, आणि ते पटण्यासारखं आहे. शुद्धीवर आल्यावर त्याला कळलं की आई गेली. आठव्या दिवशी बहीण सुसाना त्याच्या कुशीत गेली. त्यानंतर हा मुलगा डोंगर चढला.

सुटकेनंतरचा धोकाही कुणी सांगत नाही. इतक्या उपासमारीनंतर एकदम पोटभर खाल्लं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने घसरतं, हृदयाची लय बिघडू शकते. त्या दोघांनी गुराख्यांच्या झोपडीत चीज आणि जे मिळालं ते मनसोक्त खाल्लं. ते सुखरूप राहिले हे नशीबच.

ढगवाटाड्या:

विमान चालवण्याच्या बाजूने थोडं. ढगांच्या वर असताना, जमिनीवरचं दिशादर्शक यंत्र भरवशाचं नसेल तर, वैमानिक वेग आणि वेळ यांवरून जागा काढतो. समोरून जोराचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग कमी होतो आणि हिशोब पुढे धावतो. पण ११ मिनिटांच्या जागी तीन, हा फरक वाऱ्याने समजावून सांगता येत नाही. मुख्य वैमानिक फेरादास शेजारीच होता, त्याने अँडीज अनेकदा ओलांडला होता, तरी ते घड्याळ कुणी पाहिलं नाही. याचं उत्तर त्या दोघांबरोबर गेलं.

आपल्या लोकांना हे फार ओळखीचं वाटायला हवं. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं 'कांचनजंगा' मुंबईहून दिल्ली, बैरूत करत जिनिव्हाकडे जाताना आल्प्समधल्या मों ब्लां शिखरावर आदळलं. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते, व्हिएन्नाला निघालेले. तिथेही हाच घोळ. दिशा दाखवणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक बंद होतं. आपण मों ब्लां ओलांडला असं वैमानिकाला वाटलं. रडारवरच्या नियंत्रकाने शिखर पाच मैलांवर असल्याचं सांगितलं, ते समोर पाच मैल की मागे पाच मैल, हा गोंधळ झाला आणि विमान खाली उतरू लागलं. भाभांच्या मृत्यूवर कटाच्या कहाण्या आजही फिरतात. मला त्या तीन मिनिटांच्या आणि पाच मैलांच्या चुका जास्त भयंकर वाटतात, कारण त्या कुणाच्याही हातून होऊ शकतात.

मों ब्लांच्या हिमनदीतून त्या विमानातल्या वस्तू अजून बाहेर येतात. २०१२ मध्ये भारताच्या परराष्ट्र खात्याची टपालाची थैली सापडली. २०२० मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याच्या बातमीची वर्तमानपत्रं.

निळी_शाई:

आपल्याकडे रोहतांगजवळ हवाई दलाचं विमान पडलं होतं, तेही असंच का?

ढगवाटाड्या:

ते ७ फेब्रुवारी १९६८ चं एएन-१२. चंदीगडहून लेहला निघालेलं, १०२ जण. हवा खराब म्हणून परत फिरताना नाहीसं झालं. २००३ मध्ये गिर्यारोहकांना ढाका हिमनदीवर अवशेष मिळाले आणि २०२४ मध्येही आणखी चार मृतदेह आणले गेले. घरच्यांनी छप्पन्न वर्षांनी अंत्यसंस्कार केले. अँडीजमधल्या १६ घरांना जे मिळालं ते किती दुर्मीळ, हे अशा वेळी कळतं.

माळकरीण:

मी गळ्यात माळ असलेल्या घरातली. त्यामुळे हा विषय निघाला की माझ्याकडे बघून लोक म्हणतात, 'तू काय केलं असतंस?' खूप विचार करून लिहितेय.

महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्म सांगितलाय. बारा वर्षांच्या दुष्काळात विश्वामित्र चांडाळाच्या घरात कुत्र्याची तंगडी चोरायला जातो, आणि धर्म आचरायला आधी जगलं पाहिजे, असं म्हणतो. पण त्यात चोरी आहे, वाद आहे. अँडीजवर तसं नव्हतं. तिथे त्यांनी एकमेकांना शब्द दिला होता: मी मेलो तर माझं शरीर तुमच्या कामी येऊ दे. हे दान होतं. आपल्याकडे देहदानाचा अर्ज भरणारी माणसं असतात, त्यांच्याच रांगेत मी त्या मुलांना बसवते.

आणि त्यांनी ते सहज केलं नाही. चॉकलेटचे तुकडे, जॅम, थोडे बदाम हे किती जपून वापरलं याच्या हकिकती वाचा. पारादोने चॉकलेट लावलेला एक शेंगदाणा तीन दिवस पुरवला. सगळं संपल्यावर तासन् तास चर्चा झाली. कुणी देवाला विचारलं, कुणी दिवसभर नकार दिला. जवळच्या नातेवाइकांची शरीरं बाजूला ठेवायचं ठरवलं. परत आल्यावर २८ डिसेंबरला त्यांच्याच शाळेत पत्रकार परिषद झाली, तिथे पांचो देल्गादोने ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाची आठवण देत हे सांगितलं. चर्चने त्यांना दोष दिला नाही. गेलेल्यांच्या आई-वडिलांपैकी कित्येक त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि मला तर ही गोष्ट डोंगर चढण्याइतकीच मोठी वाटते.

कडेकपारी:

सह्यवाट, लेख उत्तम, पण एका गोष्टीवर हरकत घेतो. तुमच्या मांडणीतून असं ध्वनित होतं की त्या चुकीच्या माहितीमुळे ते चुकीच्या दिशेला गेले. पूर्वेला वीसेक किलोमीटरवर सोस्नेआदोचं जुनं हॉटेल होतं, हे सगळीकडे छापून येतं. पण ते हॉटेल तेव्हा बंद पडलेलं होतं! तिथे पोचून भिंती मिळाल्या असत्या, माणूस नाही. वाटेत उन्हाने फुगलेल्या नद्या. आणि ते आधी पूर्वेला उतरलेही होते, तेव्हाच तर शेपूट सापडलं. पश्चिमेला चिले आहे एवढं मात्र होकायंत्र आणि शाळेतला भूगोल खात्रीने सांगत होते. पश्चिमेला गेले म्हणून कातालान भेटला.

सह्यवाट:

हरकत रास्त आहे. फक्त एक भर घालतो. चढताना कानेसाला मागे पूर्वेला दूर एक रेघ दिसली होती, रस्त्यासारखी. परत फिरून तिकडे जाऊया असं तो म्हणत होता. पारादोने ऐकलं नाही. माथ्यावरून समोर शिखरंच शिखरं दिसल्यावरही तो पश्चिमेलाच ठाम राहिला. खाली दूरवर दोन माथे बर्फाविना दिसत होते, तेवढ्या आधारावर. माझा मुद्दा दिशेपेक्षा तयारीचा आहे. एक डोंगर ओलांडायचाय असं समजून त्यांनी शिधा बांधला होता. खरी जागा माहीत असती तर तिघांचा बेत वेगळा असता, निघण्याची वेळही कदाचित वेगळी.

कडेकपारी:

आणि खरी जागा माहीत असती तर कदाचित कुणी निघालंच नसतं, असंही म्हणता येईल. 'हा एकच डोंगर' या समजुतीने त्यांना उठवलं. मला हे दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं.

जुना_रेडिओवाला:

रेडिओचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. शेपटीत विमानाच्या बॅटऱ्या सापडल्या. त्या जड, उतारावरून वर ओढून नेणं अशक्य, म्हणून कॉकपिटमधला रेडिओच काढून शेपटीकडे नेला. रॉय हार्लीला यातलं थोडं कळायचं, म्हणून सगळ्यांनी त्याच्यावर भार टाकला. बिचारा अशक्त झालेला, तरी कित्येक दिवस तारा जोडत बसला. पण बॅटऱ्या २४ व्होल्ट एकदिश प्रवाह देत होत्या आणि रेडिओला ११५ व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह लागत होता. एक प्रवाह दुसऱ्यात बदलणारं मधलं यंत्र नसेल तर तारा कशाही जोडा, तो चालू होणारच नव्हता. मी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले. तारांची ती भेंडोळी समोर घेऊन, हात गोठलेले असताना, आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून घेणारा तो मुलगा मला फार जवळचा वाटतो. त्याचं काही चुकत नव्हतं.

त्यातून एक चांगलं झालं. झोपायच्या पिशवीचं कापड त्याच शेपटीत मिळालं.

दूरदेशी:

सध्या नोकरीनिमित्त मेंदोसात आहे. गेल्या उन्हाळ्यात घोड्यावरून त्या जागेपर्यंत जाऊन आले. इकडे त्या दरीला अश्रूंची दरी म्हणतात. गेलेल्यांना तिथेच, विमानापासून थोड्या अंतरावर पुरलंय, वर लोखंडी क्रूस आहे. लोक मोजे, टोप्या, शाळेचे बिल्ले ठेवून जातात. आमच्या वाटाड्याने आधीच बजावलं होतं की विमानाचा तुकडा दिसला तरी उचलायचा नाही. पश्चिमेची ती भिंत खालून बघितल्यावर मी कुणाशी काही बोललेच नाही. छायाचित्रात तिचा चढ कळत नाही.

निळी_शाई:

दूरदेशी, मार्चमध्ये आम्ही तिकडे येतोय. आईही असेल, वय ६३, कळसूबाई चढलेली. जमेल का?

दूरदेशी:

जानेवारी ते मार्चची सुरुवात हा काळ बरा, पुढे हवेचा भरवसा नाही. तीन दिवस धरा. वाटेत आतुएल नदी घोड्यावरून ओलांडावी लागते, दुपारी पाणी वाढतं म्हणून सकाळीच निघतात. कळसूबाई १६४६ मीटर, हे त्याच्या दुपटीहून वर, त्यामुळे आईंना आधी मालार्ग्वेच्या वरच्या बाजूला एक-दोन रात्री राहू दे आणि डॉक्टरांना रक्तदाब दाखवून घ्या. स्थानिक वाटाड्याशिवाय अजिबात नको. व्यक्तिगत निरोप करा, आमच्या वाटाड्याशी गाठ घालून देते.

डॉ_रानजाई:

आईंना डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर वर न जाता तिथेच थांबायचं, आणि वाढली तर लगेच खाली उतरायचं. हे वाटाड्यालाही आधीच सांगून ठेवा.